चांगुणाबाईनंतरचा घोट

"पाणी मिळेल का थोडं?"

मी मुद्दाम मोठ्यानं विचारलं. बांधावर आणि चिंचेखाली मिळून तीसेक माणसं उभी होती, त्यांना ऐकू जावं म्हणून. समोर चांगुणाबाई बसली होती. नवऱ्याच्या घरापासून तीन शेतं लांब तिला एक छप्पर घालून दिलं होतं, आणि गेली तेरा वर्षं ती त्याच छपराखाली एकटी राहत होती. भाकरीचं पीठ कोणीतरी बांधावर ठेवून जायचं. तिला महारोग झाला होता, आणि गावाच्या मते त्यावर एवढाच उपाय होता.

"माझ्याकडलं?" तिनं विचारलं.

"तुमच्याच हातचं. तहान लागलीय मला."

तिनं एकदा गर्दीकडे बघितलं, मग आत गेली आणि जर्मनचा तांब्या घेऊन आली. डाव्या हाताची दोन बोटं तळव्याकडे वळलेली, म्हणून तिनं तांब्या दोन्ही तळव्यांत दाबून धरला होता. मी तो घेतला, वर उचलला आणि चार घोट वरून प्यायले. दुसऱ्याच्या घरी पाणी प्यायची आपली हीच रीत. भांड्याला तोंड लावायचं नाही. मग पदरानं हनुवटी पुसली आणि लोकांकडे वळले.

"बघितलंत? औषध सुरू झालं की हा रोग पसरत नाही. मी पाच वर्षं हेच काम करतेय. मला काही झालं का?"

हे आमच्या कामातच धरलेलं होतं. मिशनच्या कुष्ठरोग दवाखान्यात मी नर्स. आठवड्यातून दोन दिवस जीपनं खेडी करायची, आणि नवा पेशंट सापडला की त्याच्या घरी सगळ्यांच्या देखत पाणी मागायचं. भाषणापेक्षा पाणी लवकर पटतं, असं आमचे डॉक्टर म्हणत. मी हे काम फार झोकात करायची. बाकीच्या नर्सा एकदा पाणी प्यायच्या, मी दुसऱ्यांदा मागून घ्यायची. त्या दिवशीही मागून घेतलं.

चांगुणाबाई माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. तिची नजर जरा खाली, गळ्यापाशी होती. माझ्या गळ्यात तेव्हा चांदीचा बारीकसा क्रूस असायचा. मला वाटलं, ती तोच बघतेय. मला बरं वाटलं आणि मी तो पदराबाहेर काढून नीट दिसेल असा ठेवला.

हे अठ्ठ्याहत्तर सालचं. चांगुणाबाई त्या महिन्यापासून दर सोमवारी सहा मैल चालत दवाखान्यात यायला लागली. गोळ्या घ्यायची, पायाच्या जखमा धुऊन घ्यायची आणि माझं काम संपेपर्यंत नळाजवळच्या कट्ट्यावर बसून राहायची. एके दिवशी तिनं विचारलं.

"बाई, तुमच्या आदी एक मानूस आला व्हता गोळ्या द्यायला. त्यानं पुडी बांधावर ठिवली आन् लांबनं सांगितलं, सकाळ-संध्याकाळ घे म्हून. तुमी पानी का मागितलं?"

मी गळ्यातल्या क्रूसाला हात लावला. असले प्रश्न कोणी विचारावेत म्हणून तर आपण आहोत, असंच मला लहानपणापासून शिकवलेलं. "ह्याच्यामुळं. आमचा प्रभू महारोग्यांना जवळ घ्यायचा. हात लावायचा."

"आन् त्यानं लावला म्हून तुमी लावता?"

"हो."

"मंग मला तिथं येता यील का? तुमच्या देवळात?"

आमच्याकडे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात. ती पुढच्या रविवारी आली. दाराजवळ, चपलांच्या अलीकडे, स्वतःचं पोतं अंथरून बसली. बायका तिला सलाम करायच्या, जरा लांबून, आणि ती हात पदराखाली ठेवून मान लववायची. मी मात्र उपासना सुटली की सरळ तिच्याजवळ जायची आणि तिचा हात हातात घ्यायची. सगळ्यांना दिसेल असा. पाळकसाहेब उमाप एकदा उपदेशात म्हणाले, "आपल्यात काही जण पवित्र शास्त्र वाचतात आणि काही जण ते जगून दाखवतात." त्यांनी नाव घेतलं नाही, पण सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी खाली बघितलं. खाली बघायचीसुद्धा एक पद्धत असते, ती मला चांगली जमायची.

तीन वर्षांनी चांगुणाबाईच्या कानाच्या पाळीचा नमुना निकोप आला. रोग गेला. वाकडी बोटं आणि एका बाजूनं लोंबणारा खालचा ओठ तेवढा राहिला, तो राहणारच होता. त्याच पावसाळ्यात तिनं बाप्तिस्मा घेतला. पाळकसाहेबांनी विचारलं, नवं नाव घ्यायचं का, रूथ वगैरे. ती म्हणाली, "ह्याच नावाला समद्यांनी टाकलंय. ह्याच नावाला घ्या." बाप्तिस्म्याला कोणी हरकत घेतली नाही. पाणी पाळकसाहेबांच्या हातचं होतं, ते तिच्या डोक्यावर पडलं आणि खाली वाहून गेलं.

अडचण आली प्रभुभोजनाची.

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन व्हायचं, आणि प्याला एक. गोऱ्या मिशनऱ्यांनी मागं ठेवलेला चांदीचा, बुडाला पोचा आलेला. सगळ्यांनी कठड्याशी गुडघे टेकायचे, पाळकसाहेब प्याला हातात देणार, एक घोट घ्यायचा, ते पांढऱ्या फडक्यानं काठ पुसणार आणि पुढच्याला देणार. बाहेर कितीही सोवळं-ओवळं असो, या प्याल्याला उष्टं म्हणायचं नाही. आमच्या आजी-आजोबांनी याच एका गोष्टीसाठी गावाच्या शिव्या खाल्ल्या होत्या. त्या प्याल्याचा आम्हाला अभिमान होता.

शनिवारी संध्याकाळी पाळकसाहेबांच्या पडवीत मंडळीचे वडील जमले. वडील म्हणजे चर्चचा कारभार बघणारे पाच जण, आणि त्यांच्यात एकटी बाई मी. पाटोळे गुरुजींनी विषय काढला. गुरुजी मिशन शाळेचे निवृत्त हेडमास्तर. मला बाराखडी त्यांनीच शिकवली होती.

"चांगुणाबाईंना प्रभुभोजन द्यायचं, याबद्दल दुमत नाही," गुरुजी म्हणाले. "त्यांना सगळ्यांच्या शेवटी द्यावं, एवढंच माझं म्हणणं. नाहीतर वेगळ्या चमच्यानं."

"गुरुजी, नमुना निकोप आलाय. मी स्वतः पाहिलाय," मी म्हणाले.

"माझी बायको क्षयानं गेली, एस्तेरबाई. तेव्हाही डॉक्टर म्हणाले होते, आता काही भीती नाही. सहा महिन्यांत माझा थोरला गेला." गुरुजींचा आवाज चढला नाही. "मी त्यांचा तिरस्कार करत नाही. मला भीती वाटते. भीतीला काय करू, सांगा."

हे ऐकून गप्प बसायला हवं होतं. पण मी उभी राहिले. आजही मला ते भाषण पाठ आहे, आणि त्याची लाज वाटते, कारण ते फार चांगलं झालं होतं. मी म्हणाले, ज्या दिवशी या देवळात चांगुणाबाईसाठी वेगळा चमचा येईल, त्या दिवशी माझ्यासाठीही एक वेगळा काढा. मी म्हणाले, आपल्या आज्यांना विहिरीवर वेगळं उभं केलं होतं, ते आपण इतक्यात विसरलो. शेवटी म्हणाले, "ती शेवटी बसणार नाही. ती पहिली बसेल. आणि तिच्यामागून मी पिईन."

पाळकसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं.

"तुम्ही तिच्या लगेच मागून प्याल?" गुरुजींनी विचारलं.

"पिईन."

"मग मीही पिईन." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "तुमच्या मागून मी, आणि माझ्या मागून मंडळी. पण एस्तेरबाई, मी तुमच्याकडे बघून पिणार आहे, हे लक्षात ठेवा. माझ्या स्वतःच्या विश्वासावर नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवळाच्या आवारात चांगुणाबाईला गाठलं आणि सगळं सांगितलं. ती घाबरली.

"पयली कशाला बाई? म्या शेवटाला घेते की. मला सवय हाय."

"तीच सवय तर मोडायचीय."

"माझ्यापायी कुनाला तरास नगं. शेवटाला मिळालं तरी मिळालंच की."

"नाही. पहिलीच बसायचं."

हा हट्ट माझा होता. तिनं पहिली बसायला मागितलंच नव्हतं. तिला फक्त त्या प्याल्यातला एक घोट हवा होता, आणि तो शेवटी मिळाला असता तरी ती आनंदानं घरी गेली असती. पण शेवटच्या घोटात माझं काय दिसणार होतं?

"बरं," ती म्हणाली. "तुमी शेजारी असाल ना?"

"असेन."

पाळकसाहेबांच्या बायकोनं काळ्या मनुका रात्रभर भिजत घालून रस काढला होता. गीत झालं, कबुली झाली, भाकर मोडून झाली. चांगुणाबाई कठड्याच्या उजव्या टोकाला, तिच्या डावीकडे मी, माझ्या डावीकडे गुरुजी. तिनं धुवट लुगडं नेसलं होतं आणि पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेतला होता. माझ्यामागे सगळं देऊळ बघत होतं. मला मान वळवायची गरज नव्हती, ते पाठीला कळत होतं.

पाळकसाहेबांनी प्याला तिच्या तळव्यांत दिला. तिनं तो दाबून धरला, तोंडाशी नेला आणि प्यायली. ओठाची एक बाजू मिटत नव्हती, त्यामुळं थोडा रस ओघळून काठावर आला आणि काठावरून प्याल्याच्या बाहेर. पाळकसाहेबांनी फडक्यानं पुसला, प्याला जरा फिरवला आणि माझ्यासमोर धरला.

तेव्हा मला एक गोष्ट कळली. मी आठ वर्षांत दोनशे घरी पाणी प्यायले होते, आणि प्रत्येक वेळी वरून. वरून पिणं हीच रीत, म्हणून ते कोणाला खटकलं नव्हतं, मलासुद्धा. माझ्या ओठांना कधी काही लागलंच नव्हतं. मी स्वतःला शूर समजत आले होते, आणि त्या शौर्याची परीक्षा आजपर्यंत एकदाही झाली नव्हती.

प्याल्यातून वरून पिता येत नाही.

मला रोगाची सगळी माहिती होती. त्या घोटात काहीही नाही, हे देवळातल्या कोणाहीपेक्षा मला जास्त ठाऊक होतं. मी प्याला घेतला, तोंडाशी नेला आणि तिरपा केला. ओठ मिटलेले होते. मी ते मिटले असं म्हणणार नाही, ते मिटले, आणि मी उघडले नाहीत. रस ओठांना लागला आणि परत प्याल्यात गेला. मी डोळेही मिटून घेतले, कारण डोळे मिटलेलं माणूस मनापासून पितंय असं वाटतं. मग प्याला परत दिला.

पुढं गुरुजी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ओलसर ओठांनी हसले. त्यांनी प्याला घेतला आणि एवढा मोठा घोट घेतला की तो उतरताना ऐकू आला. मग ते कठड्यावर डोकं ठेवून रडायला लागले.

त्यानंतर सगळे आले. गुडघेदुखीच्या म्हाताऱ्या आल्या. कालपर्यंत "बघू बाई" म्हणणाऱ्या आल्या. नुकतीच सभासद झालेली पंधरा वर्षांची मुलगी आली आणि आईनं हात धरायच्या आत प्यायली. कोणी परत फिरलं नाही. त्या रविवारी त्या प्याल्यातून सगळी मंडळी प्यायली, फक्त मी नाही.

उपासना सुटल्यावर बायकांनी मला गराडा घातला. चांगुणाबाईला शोधायला गेल्या तर ती आशीर्वाद व्हायच्या आतच निघून गेली होती. "लाजली असेल," कोणीतरी म्हणालं. गुरुजी माझ्याजवळ आले आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"एस्तेरबाई, पासष्ट वर्षं मी नावाचा ख्रिस्ती होतो. आज तुम्ही मला खरा केलात."

"प्रभूचं गौरव असो," मी म्हणाले. हे वाक्य आमच्या तोंडात कायम तयार असतं.

घरी येऊन मी मिठाच्या पाण्यानं तोंड धुतलं. का धुतलं, ते मला आजही सांगता येत नाही. आत तर काही गेलंच नव्हतं.

पुढं ही गोष्ट आमच्या देवळात इतक्यांदा सांगितली गेली की तिला गुळगुळीतपणा आला. नवे पाळक आले की त्यांना पहिल्या महिन्यात सांगितली जायची. तरुणांच्या शिबिरात मला बोलवायचे. देवळाच्या शंभरीच्या अंकात ती छापून आली, माझ्या फोटोसकट. त्या एका रविवारानंतर पाच-सहा वर्षांत आमच्या दवाखान्यातले सात पेशंट त्या कठड्याशी गुडघे टेकून गेले, आणि एकाच्याही वेळी चमच्याचं नाव निघालं नाही. दोघांची लग्नं त्याच देवळात लागली, आणि मंडळी पंगतीत त्यांच्या शेजारी जेवली. हे सगळं खरं आहे. खोटा फक्त एक घोट आहे, आणि तो सगळ्याच्या बुडाशी आहे.

गेल्या वर्षी चांगुणाबाई वारली. गुरुजी आणि पाळकसाहेब तर केव्हाच गेले. म्हाताऱ्या गेल्या. पंधरा वर्षांची ती मुलगी परदेशी गेली आणि तिकडेच राहिली. बाकीचे पोटापाण्यासाठी शहरांकडे पांगले. त्या दिवशी प्यायलेल्यांतलं आता इथं कोणी उरलेलं नाही, म्हणून उरलेलं सांगते.

त्या रविवारानंतर चांगुणाबाई देवळात आली नाही. सोमवारी दवाखान्यात यायची, मलम घ्यायची, पण ते दुसऱ्या नर्सकडून. मला सलाम करायची आणि जायची. तीन रविवार गेले. पाळकसाहेब म्हणाले, "एस्तेरबाई, तुमचं लेकरू आहे ते. तुम्हीच जाऊन या." मंगळवारी दुपारी मी गेले. जीप घेतली नाही, चालत गेले. तेवढं तरी करावं असं वाटलं.

ती छपराच्या सावलीत सुपात बाजरी निवडत बसली होती. वाकड्या बोटांनी खडे उचलता येत नसत, म्हणून ती तळव्यानं दाणे सरकवत खडा बाजूला काढायची.

"सलाम, चांगुणाबाई."

"सलाम. बसा." तिनं पायानं पोतं माझ्याकडे सरकवलं.

"तीन रविवार झाले. बरं नाही का?"

"बरी हाय."

"कोणी काही बोललं?"

"न्हाई बाई. समदी लई चांगली वागत्यात. गुर्जी परवा इथं आले व्हते. च्या पिले. कपाला तोंड लावून पिले, आन् वर आनखी मागितला."

"मग येत का नाही?"

तिनं सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाली, "बाई, तुमचा गळा हलला न्हाई."

मला कळलं होतं. तरी मी विचारलं, "काय?"

"पेला तिरपा झाला. डोळं मिटलं. पर गळा हलला न्हाई तुमचा."

दूर कुठंतरी मोट नाहीतर इंजिन चालू होतं. ती रागावली असती तर सोपं गेलं असतं, पण ती बाजारभाव सांगावा तशी सांगत होती.

"सतरा-अठरा वर्सं झाली ह्या रोगाला," ती म्हणाली. "पयल्यांदा घरातली माझ्या हातचं घ्यायची आन् मागं जाऊन वतून द्यायची. कुनी तोंडात धरायचं आन् भाईर जाऊन थुकायचं. तोंडानं समदी गोड बोलायची. तवापसून म्या तोंडाकडं बघतच न्हाई. गळ्याकडं बघती. गिळलं का न्हाई, ते तिथं कळतं."

माझा हात नकळत क्रूसाकडे गेला. ती पहिल्या दिवशी काय बघत होती, ते मला तीन वर्षांनी समजलं.

"म्हणजे त्या दिवशी, मी पहिल्यांदा इथं आले तेव्हा..."

"तवा हलला व्हता. चारदा. मंग तुमी परत मागितलं, तवा दोनदा." ती पहिल्यांदाच जराशी हसली. "म्हून तर आले ना तुमच्या मागं. म्हटलं, हिचा देव खरा दिसतोय."

मी रडायला लागले. ती निवडत राहिली. जवळ आली नाही आणि रडू नका असंही म्हणाली नाही.

"मी येत्या रविवारी सगळ्यांसमोर उभी राहून सांगते," मी म्हणाले. "पाळकसाहेबांना तर आत्ता जाऊन सांगते. जसं झालं तसं."

"नगा." तिनं सूप खाली ठेवलं. एवढ्या वेळात तिचा आवाज पहिल्यांदा कडक झाला. "आजाबात सांगू नगा."

"पण ते खोटं आहे, चांगुणाबाई."

"तुमचं खोटं हाय. त्यांचं न्हाई. म्या तिथंच कडंला भितीशी सरकून बसले आन् समद्यांचे गळे बघितले. गुर्जींचा हलला. म्हाताऱ्यांचा हलला. त्या पोरीचा हलला. समदी खरं पिली, आन् तुमच्याकडं बघून पिली. आता तुमी म्हनला, म्या न्हाई पिले, तर ती काय समजतील? बाई दवाखान्यातली हाय, तिला काय तरी ठावं असंल, म्हून न्हाई पिली. गुर्जींना रातीची झोप लागंल का? आन् उद्या दवाखान्यातली गोदी यील, किसन यील, तवा कोन पिल त्यांच्या मागनं?"

तिचं म्हणणं बरोबर होतं, आणि ती मला आयुष्यभर कौतुक ऐकून घ्यायची शिक्षा देत होती. ते तिला ठाऊक होतं की नाही, मला माहीत नाही. मला वाटतं, होतं.

"मग तुम्ही तरी या," मी म्हणाले. "पुढच्या महिन्यात मी खरंच..."

"पुढच्या येळी पिताल. त्ये मला ठावं हाय." तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "पर म्या तिथं बसले की तुमच्या गळ्याकडंच बघनार. देवाकडं कवा बघू?"

"मग देवाचं काय?"

"हितं बसून बघते. त्यो येतोय का हितवर."

मी बराच वेळ पोत्यावर बसून राहिले. ऊन सरकत छपराच्या कडेपर्यंत आलं. बांधावर कोणी नव्हतं, चिंचेखाली कोणी नव्हतं. शेवटी मी विचारलं, अगदी हळू, कारण ऐकायला तिसरं कोणी नव्हतंच.

"पाणी देता का थोडं?"

ती उठली नाही. "रांजनात हाय. घ्या तुमच्या हातानं. वर धुतलेला पेला हाय, ह्यो तांब्या उष्टा हाय माझा."

तोच जर्मनचा तांब्या तिच्या गुडघ्याशी होता, निम्मा भरलेला. मी धुतलेला पेला घेतला नाही. तो तांब्या उचलला, काठाला ओठ लावले आणि प्यायले. एक घोट, दुसरा, तिसरा. मोठ्यानं आवाज करत प्यायले. पाणी कोमट होतं आणि त्याला जर्मनची चव होती. गळा दुखायला लागला तरी थांबले नाही. तांब्या पार रिकामा केला, खाली ठेवला आणि तिच्याकडे बघितलं.

चांगुणाबाईनं केव्हाच उजेडाकडे तोंड करून माझ्याकडे पाठ केली होती. ती सुपावर वाकून एक बारीक खडा तळव्याच्या कडेनं बाहेर सरकवत होती.

"झालं का पिऊन?" तिनं मागं न वळताच विचारलं. "मंग तांब्या पालथा घालून ठिवा. माश्या बसत्यात."